नाणेघाट खालून चढा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

"नाणेघाट पाहून आलो" असं कोणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: खालून गेलात की वरून? बहुतेक जण वरून गेलेले असतात. जुन्नरहून गाडी थेट पठारावर, नानाचा अंगठा नावाच्या सुळक्यापाशी फोटो, उलटा धबधबा, गुहेत एकदा डोकावणं, मक्याचं कणीस आणि परत. मजा येते, यात वाद नाही. पण घाट म्हणजे मुळात वाट, आणि ही कोकणातून जुन्नरला चढणारी, सातवाहनांच्या काळातली वाट. ती चाललीच नाही, तर गुहा तिथे का खोदली, तिच्यात एवढा लेख कशाला कोरला आणि माथ्यावर तो दगडी रांजण काय करतोय, यातलं काहीच नीट लागत नाही. म्हणून हे सगळं कोकणातून, पायथ्यापासून वर चढणाऱ्या नवख्या माणसासाठी लिहितोय.

महिना कोणता

ऑक्टोबरचा पहिला आठवडा ते फेब्रुवारी. पावसाचं पाणी ओसरलेलं असतं, ओढ्यांना धार असते, रान हिरवं असतं आणि दगडावरचं शेवाळ सुकायला लागलेलं असतं. मार्चनंतर चढता येतं, पण दुपारी खडक तापतो आणि टाक्यांतल्या पाण्याचा भरवसा राहत नाही.

पावसाळ्याबद्दल सगळेच विचारतात. जुलै-ऑगस्टमध्ये घाट सुंदर दिसतो, हे खरंच. पण खालच्या जंगलातले ओढे तासाभरात गुडघ्यावरून कमरेपर्यंत येतात, गवत आणि कारवी वाढून पाऊलवाट झाकली जाते, धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नाही. शनिवार-रविवारी माथ्यावर जत्रा असते ती वेगळीच. धबधब्यांच्या परिसरात प्रशासन पावसाळ्यात बंदीचे आदेशही काढतं, त्यामुळे निघण्याआधी चौकशी करा. पहिली खेप पावसात करू नका. दुसरी करा, तीही वाट माहीत असलेल्या माणसाबरोबर.

पायथ्याला पोचणं

कल्याण स्टेशनच्या पश्चिमेला एसटी स्टँड आहे. तिथून माळशेज घाटाने आळेफाटा, जुन्नर किंवा नगरकडे जाणारी कुठलीही गाडी चालते. मुरबाड, सरळगाव, टोकावडे, मग वैशाखरे, अशी गावं ओळीने येतात. कल्याणपासून वैशाखरे साठेक किलोमीटर आहे. घाटाची वाट वैशाखऱ्याच्या पुढे दोनेक किलोमीटरवर, माळशेजकडे जाताना उजव्या हाताला सुटते. कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवा, "नाणेघाटाच्या पायथ्याला उतरायचंय", आणि सरळगाव गेल्यावर पुन्हा एकदा आठवण करा. मोरोशी आलं, भैरवगडाची उभी भिंत समोर दिसायला लागली, म्हणजे तुम्ही पुढे गेलात. मी एकदा गेलोय. उतरून उलट चालत यायला पाऊण तास मोडला आणि सकाळचा गारवा फुकट गेला.

नकाशावर 'घाटघर' टाकताना जपून. घाटावरच्या गावाचं नाव घाटघर, तालुका जुन्नर. भंडारदऱ्याजवळ, अकोले तालुक्यात, दुसरं घाटघर आहे, तिथे धरण आहे. परतीची गाडी ठरवताना ड्रायव्हरला नुसतं 'घाटघर' सांगितलंत तर तो तुमची वाट भलत्याच डोंगरावर बघत बसेल.

सोबत काय

माणशी तीन लिटर पाणी. नक्षी न झिजलेल्या तळव्याचे बूट. दुपारचं जेवण बांधून घ्या, आणि पिशवी बंद होणारी असू द्या, कारण वर माकडं आहेत आणि त्यांना चेन उघडता येते. टॉर्च मात्र आवर्जून घ्या, उजेडीच परतणार असलात तरी. कशाला ते गुहेत कळेल. अत्तर, डिओ मारून येऊ नका आणि कड्याखाली कुठेही धूर करू नका. सह्याद्रीच्या अशा कड्यांना आग्या मोहोळं असतात आणि ती उठली की पळायला वाट एकच असते, तीही उभी.

निघायची वेळ

सकाळी सातला पायथा सोडा. घाटाचं तोंड पश्चिमेला आहे. सूर्य कड्यामागून वर येतो, त्यामुळे सकाळचा बराच वेळ सगळी चढण सावलीत असते. अकरानंतर हीच चढण समोरून भाजायला लागते. बाकी सगळ्या सूचना विसरलात तरी चालेल, ही तेवढी पाळा.

जंगल आणि नाळ

सुरुवातीचा तास सोपा आहे. वाट सपाटीवरून, झाडीतून जाते. ऐन, जांभूळ, उंबर, मधूनमधून करवंदीच्या जाळ्या. एक-दोन ओढे ओलांडावे लागतात. ऑक्टोबरात त्यात घोट्याएवढं पाणी असतं, डिसेंबरात नुसते गोटे. इथे चुकायची शक्यता सर्वात जास्त, कारण गुरांच्या आणि लाकडं आणणाऱ्यांच्या वाटा चारी बाजूंना फुटतात. मध्ये दिशादर्शक खुणा आहेत, पण खुणांपेक्षा डोंगर बघा. झाडीतून मोकळ्यावर आलात की समोरच्या भिंतीतून एक सुळक्यासारखं टोक वर आलेलं दिसतं, मिटलेल्या मुठीतून अंगठा काढावा तसं. तो नानाचा अंगठा. त्याच्या बगलेतली घळ म्हणजे तुमचा रस्ता. पायाखालची वाट अंगठ्यापासून लांब जायला लागली तर थांबा आणि मागे या.

अंगठ्याची एक गोष्ट खालच्या गावांत ऐकायला मिळते. नाना आणि गुणा या दोघांत घाट खोदायची पैज लागली, नानाचा आधी पुरा झाला, म्हणून घाट त्याच्या नावाचा. काही जण घाटाचं नाव नाण्यांवरून आलं म्हणतात, जकात इथे भरायची म्हणून. तुम्हाला आवडेल ती गोष्ट घ्या. गावात बसून ऐकायला पहिलीच चांगली वाटते.

मोकळवन संपलं की खरी चढण लागते. झाडी पुन्हा दाट होते, कारवीची काठीसारखी खोडं दोन्ही बाजूंनी अंगावर येतात, आणि वाट वळणं घेत वर सरकते. मग दोन्हीकडचे कडे जवळ येतात आणि तुम्ही नाळेत, म्हणजे त्या अरुंद घळीत शिरता. इथे चालणं हळू करा. दम लागतो म्हणून तर कराच, पण पायाखाली बघायचंय म्हणूनही. मोठमोठे दगड एकमेकांना भिडवून बसवलेत. काही ठिकाणी खडकातच पायऱ्या आहेत. काहींच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्यात, मध्ये थोडा खोलगटपणा आलाय. हात लावून बघा. ओल असेल तेव्हा याच दगडांवर पाय निसटतो, म्हणून पाऊल खोलगट भागात न ठेवता दगडाच्या मागच्या कडेला ठेवा आणि उतरताना काठी वापरा.

ही वाट इथेच का, हे नाळेत उभं राहिलं की उमगतं. सह्याद्री म्हणजे मैलोन्‌मैल उभी भिंत. तिला जिथे अशी चीर आहे तिथूनच जनावर वर चढू शकतं. खाली सोपारा आणि कल्याण ही बंदरं, वर जुन्नर, पुढे पैठण आणि तेर ही व्यापाराची शहरं. इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी टिपणात कल्याण आणि सोपारा दोन्हींची नावं आहेत. जहाजातून उतरलेला माल पाठीवर गोणी लादलेल्या जनावरांनी इथून वर नेला. जुन्नरच्या लेण्यांत एका यवनाने, म्हणजे ग्रीक वंशाच्या माणसाने, पाण्याची दोन टाकी दान दिल्याचा लेख आहे. इरिल त्याचं नाव. तो याच घाटाने वर आला असेल का, हे कोणी सांगू शकणार नाही, पण नाळेत धापा टाकताना मला तो हटकून आठवतो.

घाट एवढा जुना राहिला त्यालाही कारण आहे. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये तिथूनच रेल्वे वर चढली, आणि माल तिकडे वळला. नाणेघाट रुंद करायची कोणाला गरज उरली नाही. म्हणून आज तुम्हाला डांबराऐवजी हे दगड मिळतात.

गुहा

चढायला लागल्यापासून अडीच ते साडेतीन तासांत, नाळ माथ्याला टेकते त्याच्या जरा खाली, गुहा लागते. लोखंडी कठडे दिसले की आलात. बाजूला खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. पाणी गाळून आणि उकळूनच प्या, नाहीतर बाटलीतलं पुरवा.

पिशव्या खाली ठेवा, दहा मिनिटं बसा. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. साधी चौकोनी लेणी आहे, भिंतींना लागून बाकं. वेरूळ-अजिंठा बघून आलेला माणूस पहिल्या नजरेत म्हणतो, "एवढंच?" मीही म्हणालो होतो. पहिल्या वेळी मोबाइलचा उजेड भिंतीवर समोरून मारला, मला ठिपक्याठिपक्यांचा दगड दिसला. बाकावर एक निवृत्त गुरुजी बसले होते, शेजारी नातू. थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "अहो, समोरून काय मारताय? भिंतीला चिकटा. बाजूनं मारा." टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरला, आणि ठिपक्यांतून ओळी उभ्या राहिल्या. प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली भरली. माझ्या तोंडून शब्द फुटेना. नातू मात्र कंटाळला होता.

टॉर्च यासाठी आणायचा. आता वाचायचं कसं ते सांगतो.

लेख डाव्या आणि उजव्या भिंतीवर आहे, दोन्हींकडे दहा-दहा ओळी. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. काळ साधारण इसवीसनपूर्व पहिलं शतक, काही अभ्यासक त्याहून थोडा मागे नेतात. लेख सातवाहनांची राणी नागनिका हिच्याशी जोडलेला आहे, राजा सातकर्णीची ही बायको. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव (म्हणजे बलराम आणि कृष्ण), चंद्र-सूर्य आणि चार दिशा राखणारे लोकपाल यांना नमन आहे. मग यज्ञांची यादी येते: अश्वमेध, राजसूय आणि बाकीचे बरेच. आणि प्रत्येक यज्ञाला काय दिलं त्याचा हिशेब: गायी, हत्ती, घोडे, रथ, गावं, आणि कार्षापण नावाची नाणी. दगडाचे पापुद्रे सुटल्यामुळे मधले तुकडे गेलेत.

ब्राह्मी येत नसली तरी चार अक्षरं पाठ करून जा. अधिकाची खूण, म्हणजे 'क'. उलटा इंग्रजी टी, म्हणजे 'न'. नुसती उभी रेघ, म्हणजे 'र'. वर टोक असलेला कोन, म्हणजे 'ग'. घरी कागदावर पाच वेळा काढा. मुलं बरोबर असतील तर त्यांना 'क' मोजायला लावा, अर्धा तास शांतता मिळते.

पण खरी गंमत आकड्यांत आहे. दानाचा हिशेब असल्यामुळे या भिंतींवर अंक भरपूर आहेत, आणि आपल्या देशात कोरलेल्या सर्वात जुन्या अंकांत त्यांची गणना होते. दोन म्हणजे एकाखाली एक दोन आडव्या रेघा. हात न उचलता त्या भराभर लिहून बघा, आपला '२' जवळजवळ तयार होतो. सात आणि नऊ यांचंही आजच्या अंकांशी असलेलं नातं लपत नाही. मोठे आकडे मात्र वेगळ्या रीतीने लिहिलेत. शून्य नाही, त्यामुळे एकक-दशकाच्या जागाही नाहीत. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. लेखात २४,४०० कार्षापणांचा उल्लेख आहे. तो वीस हजाराचं चिन्ह, चार हजाराचं चिन्ह, चारशेचं चिन्ह असा एकापुढे एक मांडलाय, वाण्याच्या दुकानातल्या वजनांसारखा.

कर्नल विल्यम साइक्सने १८२८ मध्ये ही गुहा पाहिली आणि पुढे तिच्याबद्दल लिहिलं. हा माणूस मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करत हिंडत होता, पाखरांचाही अभ्यासक होता, एक चंडोल आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. पण या भिंतीवरचे अंक नीट उलगडले ते पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी, १८७० च्या दशकात. जुनागढचा हा माणूस मुंबईत भाऊ दाजी लाडांच्या हाताखाली तयार झाला, आणि लेण्यालेण्यांत उभं राहून ठसे घेत फिरला. त्यांच्याकडे विजेरी नव्हती, हे तुमचा टॉर्च पेटवताना आठवा.

आता मागची भिंत. तिथे पुतळे होते, राजघराण्यातल्या माणसांचे. आज पायांच्या जागेच्या खुणा उरल्यात, आणि वर नावं. संस्थापक सिमुक सातवाहन, राणी नागनिका आणि राजा सातकर्णी, काही राजकुमार, आणि एक महारठी, म्हणजे मोठा सरदार. 'देवि नायनिकाय' ही अक्षरं शोधा, नागनिकेचंच हे प्राकृत रूप. मघाचा उलटा टी त्यात दोनदा आहे.

घाट चढून आलेला व्यापारी इथे सावलीत टेकायचा, आणि त्याच्या समोर राजाचं सगळं घराणं उभं असायचं, दोन्ही बाजूंना त्यांनी काय काय दिलं त्याचे आकडे. जाहिरात याहून मोक्याच्या जागी कोणी लावली असेल असं मला वाटत नाही. खालून दमून आल्याशिवाय ती लागू पडत नाही, एवढंच. गाडीतून उतरून चार पायऱ्या खाली आलेल्याला ती नुसती भिंत वाटते.

नियम एकच: भिंतीला हात नाही, खडू नाही, पाणी मारून अक्षरं उठवणं नाही. कोणातरी 'संतोष'ने आणि त्याच्या बाणाने छेदलेल्या बदामाने इथे आधीच पुरेसं नुकसान केलंय.

माथा

गुहेतून पाच-दहा मिनिटांत नाळेचा शेवट येतो आणि एकदम सपाटी लागते, वारा अंगावर येतो. इथेच तो दगडी रांजण आहे. वरून जाणारा-येणारा जकातीची नाणी यात टाकायचा, असं सांगतात. पिण्याच्या पाण्यासाठीही असेल, अशीही शंका घेतली जाते. आत वाकून बघा, बहुतेक वेळा वेफरची पाकिटं सापडतात. आम्ही प्रत्येक खेपेला एक रिकामी पिशवी त्यासाठीच नेतो.

अंगठ्यावर चढायला पठाराच्या बाजूने सोपा उतार आहे. कोकणच्या बाजूला सरळ कडा. पावसाळी वाऱ्यात कड्याच्या टोकाशी उभं राहू नका, बसा किंवा पालथे पडून बघा. उलट्या धबधब्यामागे चमत्कार काही नाही. कोकणातून येणारा वारा या भिंतीवर आदळतो, जायला दुसरी जागा नसते म्हणून वर उसळतो, आणि कड्यावरून पडू पाहणारं पाणी पुन्हा पठारावर फेकतो. हिवाळ्यात पाणी नसतं, वारा असतो. रुमाल सोडून बघू नका, आमचा एक गेलाय.

समोर जीवधन दिसतो, त्याला लागून वानरलिंगी सुळका. जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे चार किल्ले या वाटेवर लक्ष ठेवून होते. त्याच दिवशी जीवधन उरकायचा मोह होईल. नवख्यांनी टाळा. तिथल्या पायऱ्या जागोजागी मोडल्यात, आणि दमलेल्या पायांनी उतरण्यासारखी ती जागा नाही.

परत

दोन पर्याय. आल्या वाटेने उतरायचं असेल तर दुपारी दोनला माथा सोडा. उतार दोन-अडीच तासांचा, पण ऊन समोरून आणि गुडघ्यांची परीक्षा. हायवेवर कल्याणकडची गाडी हात दाखवून थांबवावी लागते. अंधार पडल्यावर ती थांबेलच असं नाही, त्यामुळे पाचच्या आत रस्त्याला लागा.

मी दुसरा पर्याय सुचवतो: खाली उतरूच नका. वाट जिकडे जात होती तिकडेच जा. पठारावरून घाटघर गावात या. महादेव कोळ्यांची वस्ती आहे. भाताची खाचरं, आणि अंगणात वाळत घातलेला हिरडा दिसला तर नुसतं बघू नका, विचारा. या भागातल्या घरांना हिरडा हे हक्काचं उत्पन्न आहे, कुठल्या महिन्यात झाडाखाली जायचं, कोवळा कुठला आणि जून कुठला, हे तिथली आजी तुम्हाला चांगलं सांगेल. आधी सांगून ठेवलं तर काही घरांत पिठलं-भाकरी मिळते. न सांगता गेलात तर चहा नक्की मिळतो, पैसे घ्यायला मात्र मावशींच्या मागे लागावं लागतं.

घाटघरहून जुन्नर तीसेक किलोमीटर. एसटीच्या फेऱ्या मोजक्या आहेत, त्यामुळे वेळ गावातच विचारून घ्या, नेटवरच्या वेळेवर जाऊ नका. वडापची जीप मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. ड्रायव्हरला घाई केलीत तर तो हसून म्हणतो, "बसा हो दादा, बाजारची माणसं येऊ द्या." मग बसा. पुढची सीट मागून घ्या, चावंड उजव्या हाताला येतो की डाव्या यावरून जीपमध्ये कायम वाद होतो, आणि तो ऐकण्यासारखा असतो.